मूल हूड असतं, आई ढिली नसते

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका बारशाला गेले होते. बाळाच्या कानात कुर्र करून झालं, नाव ठेवून झालं, बाळ आईच्या मांडीवर परतलं आणि घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. तेवढ्यात माझा साडेचार वर्षांचा मुलगा रिकाम्या पाळण्याखाली शिरला. पाळणा कशामुळे हलतो, हे त्याला बघायचं होतं. त्यानं दोरी ओढली, दोरीबरोबर झेंडूची माळ खाली आली, माळेबरोबर फुगे आले. कुणाला काही लागलं नाही. पण सगळ्यांसमोर, मला ऐकू जाईल अशा बेतानं, घरातल्या एक ज्येष्ठ आत्या म्हणाल्या, "मूल द्वाड नसतं गं, आई ढिली असते. वेळेवर दोन धपाटे घातले असतेस तर ही पाळी आली नसती." चार-पाच माना डोलल्या.

मी माळ पुन्हा बांधली आणि मुलाला घेऊन जिन्यात जाऊन बसले. आत्या वयानं मोठ्या, नात्यानं मोठ्या. दुसऱ्याच्या घरच्या कार्यात त्यांच्याशी वाद घालणं बरं दिसलं नसतं. पण हे वाक्य त्यांचं एकटीचं नाही. बँकेच्या रांगेत, एसटीत, शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना मी ते ऐकलं आहे. हूड मूल वाढवणारी प्रत्येक बाई ते ऐकते आणि रात्री मूल झोपल्यावर स्वतःला तेच विचारत बसते. मला ते लागलं, हे खरं. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते चूक आहे, आणि त्या चुकीपायी मुलं मार खातात. म्हणून उत्तर इथे देते.

माझी मोठी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती दोन वर्षांची असताना सतरंजीवर बसवून समोर चार वाट्या आणि चमचे ठेवले, की तासभर तिथून हलायची नाही. तेव्हा हीच मंडळी म्हणायची, "काय छान वळण लावलंयस!" मी ते कौतुक घेतलं. घ्यायला नको होतं, कारण मी काहीच केलं नव्हतं. पुढे त्याच घरात, त्याच आईबापांच्या हाताखाली, त्याच सतरंजीवर हा आला. अकराव्या महिन्यात चालू लागला. सव्वा वर्षाचा असताना खुर्चीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून मिक्सरपर्यंत पोहोचला. वाट्या-चमचे त्यालाही दिले होते. ते खिडकीतून खाली गेले. आता मोठीचं शहाणपण माझ्या खात्यावर आणि याचा धुमाकूळही माझ्याच खात्यावर, हे एकाच वेळी कसं खरं असेल? मधल्या काही वर्षांत मी बदलले, की मुलंच दोन वेगळी होती? दोनतीन मुलं वाढवलेल्या कुठल्याही बाईला याचं उत्तर ठाऊक असतं. आत्यांनाही असणार. त्यांनीही तीन वाढवली आहेत.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पतिपत्नींनी १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या एका गटाचा अगदी तान्हेपणापासून माग काढायला सुरुवात केली आणि ते काम पुढे अनेक वर्षं चालू ठेवलं. त्या काळी मुलाच्या प्रत्येक खोडीचं मूळ आईत शोधायची रीत वैद्यकातही होती. त्या दोघांना ती पटत नव्हती. त्यांनी मुलांच्या स्वभावाची नऊ अंगं नोंदली. त्यातलं एक अंग म्हणजे मुळातली हालचाल. काही बाळं पाळण्यात ठेवल्या जागी सापडतात, काही दुपट्यातून सरकत सरकत दुसऱ्या टोकाला. हा फरक आई काही शिकवण्याच्या आधीपासून दिसतो. म्हणजे आईनं काही बिघडत नाही की सुधारत नाही, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं अवलंबून असतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मेळ म्हटला की त्यात दोन बाजू आल्या. आत्यांच्या वाक्यात बाजू एकच आहे, आणि ती कायम आईची.

खरं तर आपल्या भाषेला ही मुलं परकी नाहीत. माझी आजी माझ्या भावाला हूड म्हणायची; गोठ्यातल्या उधळणाऱ्या वासरालाही तोच शब्द. अवखळ म्हणायचं तर पोराला आणि ओढ्याला. खट्याळ म्हणताना ओठावर हसू असायचं. अचपळ, वांड, उपद्व्यापी, उचापती, व्रात्य, दांडगट, टारगट – एकेका शब्दाची जागा ठरलेली होती. उचापती पोर घड्याळ खोलायचं. दांडगट पोर दुसऱ्याला ढकलायचं. टारगट म्हटलं की मामला गल्लीपर्यंत गेला असं समजायचं. कुठल्या खोडीकडे कानाडोळा करायचा आणि कुठल्या खोडीला हात धरून थांबवायचं, हे त्या शब्दांतच सांगितलेलं होतं. आता या सगळ्यांच्या जागी एक शब्द आला आहे: हायपर. पाळण्याखाली शिरणारा हायपर, दुसऱ्याला चावणारा हायपर, प्रश्न विचारून भंडावणाराही हायपर. त्या शब्दाकडे मी पुढे येणार आहे.

आत्यांचं दुसरं म्हणणं असतं, "आमच्या वेळी मुलं अशी नव्हती." होती. मी त्यांच्याच धाकट्या दिरांकडून ऐकलं आहे की ते लहानपणी कौलांवर चढून चिंचा वाळवायला घातलेली सुपं खाली ओढायचे, आडात मांजर सोडायला निघाले होते. फरक असा की ते सगळं आईच्या नजरेआड व्हायचं. घराला ओटा होता, ओट्यापुढे अंगण, मागे परस, परसामागे गल्ली, गल्लीपुढे नदी. सकाळी न्याहारी करून गेलेलं पोर जेवायला हाक मारल्यावर सापडायचं. मधल्या चार तासांत त्यानं जे काय केलं ते झाडांनी पाहिलं. शहरातही वाड्याचा चौक होता, चाळीची लांब गॅलरी होती, आणि चार बिऱ्हाडांतल्या कुणाही मोठ्या माणसाला पोराचा कान धरायचा हक्क होता. जेवायला बसलेलं पोर शांत दिसायचं, कारण ते दमून आलेलं असायचं. त्या शांतपणाचं श्रेय धपाट्यांना देणं म्हणजे विहिरीचं पाणी दोरखंडातून आलं असं म्हणण्यासारखं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही मापं घालून दिली. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करायला हवी, त्यातली किमान ६० मिनिटं चांगली धाप लागेल अशी. एका जागी बांधून ठेवायचं तर सलग तासापेक्षा जास्त नाही. पडद्यासमोर तासाच्या वर नाही, आणि झोप दहा ते तेरा तास. हे वाचून मी एका शुक्रवारी वही घेऊन बसले आणि मुलाचा दिवस लिहून काढला. सव्वाआठला व्हॅन येते. त्यात पाऊण तास, चौदा मुलांमध्ये दाटीवाटीनं बसून. बालवर्गात तीन तास, त्यातले बहुतेक टेबलाशी. खेळाचा तास आठवड्यातून दोनदा, तोही फरशी घातलेल्या व्हरांड्यात, आणि शुक्रवार हा त्यातला दिवस नव्हे. परत पाऊण तास व्हॅन. जेवण. दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप, म्हणून उड्या बंद. साडेपाचला खाली गेलो तर पार्किंगमध्ये पाटी: "येथे मुलांनी खेळू नये." वॉचमनदादा बिचारे दोनदा येऊन सांगून गेले. बाग रस्त्यापलीकडे, तो रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागतात, आणि तिथल्या घसरगुंडीला रांग. सगळं मिळून पन्नास मिनिटं भरली. उरलेली एकशेतीस मिनिटं त्या पोरानं कुठे खर्च करायची? सोफ्यावर, पलंगावर, बहिणीच्या पाठीवर. आणि रविवारी बारसं असेल तर पाळण्याच्या दोरीवर.

मोबाईल हातात दिला की बसतो, हे मलाही माहीत आहे. तो काढून घेतल्यावर जो आकांत होतो, तोही माहीत आहे. त्या तासात साठलेली हालचाल जिरत नाही, ती पुढच्या तासात दुप्पट होऊन येते. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

शाळेच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सांगायला हवी. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं असं स्पष्ट लिहिलं आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वयासाठी. ज्या वयाला मैदानाची सर्वांत जास्त गरज, त्या तीन ते सहा वयाच्या मुलांचे वर्ग बंगल्याच्या तळमजल्यावर आणि सदनिकेच्या दोन खोल्यांत भरले तरी हा कायदा त्यांना विचारत नाही. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३१व्या कलमात खेळण्याचा आणि विश्रांतीचा हक्क आहे. भारतानं तो करार १९९२ साली मान्य केला. आईची ढिलाई मोजणाऱ्यांनी ही ढिलाईही मोजावी.

आता धपाट्यांकडे येते. मी यावर बाहेरून बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात यानं दळून आणलेलं गव्हाचं पीठ डब्यासकट गॅलरीतून खाली सोडलं. पीठ खाली पडताना ढग होतो, हे त्याला आदल्या दिवशी ओट्यावर कळलं होतं. मोठा ढग करायचा होता. खाली शेजाऱ्यांची गाडी होती. मी धावत गेले, "किती वेळा सांगायचं?" म्हणाले आणि त्याच्या पाठीत दोन दिल्या. तो लगेच गप्प झाला. त्या क्षणी मलाही वाटलं, लागू पडलं. तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये त्याच्याहून लहान मुलीनं त्याची चाकाची गाडी घेतली. त्यानं तिच्या पाठीत दोन दिल्या आणि म्हणाला, "किती वेळा सांगायचं?" शब्द माझे, सूर माझा, हात उगारायची पद्धतही माझी. पीठ खाली टाकू नये हे तो शिकला नव्हता; पुढच्या आठवड्यात रवा गेला. तो शिकला होता ते एवढंच, की राग आला की मोठ्यानं लहानाला असं करायचं असतं. त्या रात्री मी ठरवलं की हा हात पुन्हा उठणार नाही. तो उठलेला नाही.

माझ्या एका घरच्या अनुभवावर विश्वास ठेवू नका. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली चापट मारण्याच्या परिणामांवरचे ७५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून एक लाख साठ हजारांवर मुलं होती. चापटीमुळे मूल जास्त ऐकू लागतं याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट चापट खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि आईवडिलांशी दुरावा जास्त आढळला. कुणी म्हणेल, मुळातच दांडगट मुलं जास्त मार खातात, म्हणून तसं दिसतं. शंका रास्त आहे. पण तसं असलं तरी मार लागू पडतो हे सिद्ध होत नाही. सिद्ध करायचा भार मारणाऱ्यांवर आहे. स्वीडननं १९७९ सालीच आईवडिलांनाही मुलाला मारायला कायद्यानं बंदी केली. आपल्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद करतं. मास्तरांनी मारलं तर गुन्हा आणि आईनं मारलं तर संस्कार, हे मुलाच्या पाठीला कसं समजावून सांगायचं?

इथे हमखास 'श्यामची आई' पुढे केली जाते. बारशाच्या घरीही केली गेली. "श्यामच्या आईनंसुद्धा शिंपटी घेतली होती," असं माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं. घेतली होती. साने गुरुजींचं ते पुस्तक १९३५ साली आलं आणि त्यातला पोहायला शिकण्याचा प्रसंग मराठी घरांत सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तो प्रसंग पुन्हा नीट आठवून पाहा. श्याम पाण्याला भीत होता. बाकीची मुलं विहिरीत उड्या मारत होती आणि हा घरात दडून बसला होता. आईनं शिंपटी उगारली ती त्याला बाहेर काढायला, पाण्याकडे पाठवायला. आपण नेमकं उलट करतो. जे पोर स्वतःहून उडी मारायला निघालं आहे, त्याला एका जागी बसवायला आपण हात उगारतो आणि नाव मात्र श्यामच्या आईचं घेतो. मला ती शिंपटी तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. पण त्या आईला मूल निर्भय व्हायला हवं होतं. तिला आपल्या सोयीसाठी साक्षीला बोलावू नका.

"मग काय, मोकळं सोडायचं?" हा पुढचा प्रश्न, आणि तो खोचक असला तरी उत्तर द्यायलाच हवं. नाही, सोडायचं नाही. मोकाट सोडण्याच्या बाजूनं मी एक अक्षरही लिहिणार नाही. पण आपण वळण हा शब्द उठताबसता वापरतो, त्याचा अर्थ विसरलो आहोत. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, उसाचं. लहानपणी मी वडिलांबरोबर दारं धरायला जायची. पाटातून पाणी येतं, त्याचा जोर मोठा असतो. नुसतं अडवलं तर ते बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात जातं. नुसतं सोडलं तर वरचा वाफा तुंबतो आणि खालचा कोरडा राहतो. म्हणून खोरं घेऊन उभं राहावं लागतं; एक वाफा भरत आला की त्याचं दार मातीनं बुजवायचं, पुढचं उघडायचं. रात्रीची वीज असेल तर रात्रभर. पाणी दांडगं आहे अशी तक्रार वडिलांनी कधी केली नाही. पाटाला जोर आहे म्हणून तर रान भिजतं. थकायला व्हायचं, चिखलात पाय गोठायचे, पण तिथून हलायची सोय नसायची.

हूड मुलाच्या आईचं काम हेच आहे, आणि ते धपाट्यापेक्षा कितीतरी जास्त कष्टाचं आहे. धपाट्याला दोन सेकंद लागतात. आमच्या घरी आता सकाळी व्हॅन यायच्या आधी हा तीन मजले दोनदा चढून उतरून येतो. दुधाची पिशवी आणायचं काम त्याचं. कणकेचा एक गोळा त्याचा, त्यानं तो आपटायचा, थापायचा, काय हवं ते करायचा. भाजीच्या पिशवीतले कांदे-बटाटे तो उचलून आणतो, कारण जड वस्तू उचलली की त्याच्या अंगातली तगमग उतरते, हे मी पाहिलं आहे. मटार सोलायला बसतो तेव्हा वीस मिनिटं बसतो. वर्गात पाच मिनिटं बसत नाही अशी ज्याची तक्रार येते, तोच हा मुलगा. दुपारी मोरीत बादली आणि चार मापं. पाणी सांडतं, मी पुसते, मग तोही पुसतो. खेळातून उठवायचं असेल तर आधी दोनदा सांगायचं, अचानक उचलून आणायचं नाही. "पळू नको" म्हटलं की त्याला फक्त "पळ" ऐकू येतं, म्हणून "माझा हात धरून चाल" म्हणायचं. आणि तीन गोष्टींना कधीच सूट नाही: गॅसजवळ जाणं, रस्त्यावर हात सोडणं, दुसऱ्याला मारणं. या तिन्हींना मी तिथल्या तिथे थांबवते, उचलून बाजूला नेते, तो कितीही रडला तरी. हा नकार रोज, दहादा, त्याच आवाजात द्यावा लागतो. याला ढिलाई म्हणणाऱ्यांनी एक दिवस आमच्या घरी येऊन दारं धरून बघावं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. गुजरातेत भावनगरला वकिली सोडून गिजुभाई बधेका बालमंदिर चालवू लागले ते १९२० साली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येऊन बसत नाहीत, असं सगळे सांगत होते. या दोघींनी मुलांना मारून बसवलं नाही. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी नेली. शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं केली. गुरं राखणारी मुलं कुरणात असतात, तर शाळा कुरणात भरवली. तिचं नावच कुरणशाळा. ज्या अंगणवाडीचं नाव आज देशभर ऐकू येतं, तो शब्द आणि तो विचार या मातीतला आहे. मूल बसत नसेल तर शाळेनं उठून मुलाकडे जायचं, हे मराठी बायकांनी ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलं. आणि आपण आज फ्लॅटमध्ये बसून म्हणतो, आई ढिली आहे.

आता तो शब्द. हायपर. बारशाच्या घरीच एका तरुण मावशीनं प्रेमानं सांगितलं, "एकदा दाखवून घे गं." तिचा हेतू चांगला होता आणि तिचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, ही खरी अडचण आहे. तिला नाकारणं म्हणजे चष्मा लागलेल्या मुलाला डोळे फाडून बघ म्हणण्यासारखं आहे. घरी, शाळेत, आजोळी, सगळीकडे सहा महिन्यांहून अधिक काळ तेच चालू असेल, त्यामुळे मुलाचं शिकणं, मैत्री, झोप अडत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कानाला कमी ऐकू येणारं किंवा नीट न झोपणारं मूलही असंच अस्वस्थ दिसतं. तेही तपासायला हवं. शाळेत जायच्या आधीच्या वयातल्या मुलांबाबत तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही शिफारस अशी, की आधी आईवडिलांना वागण्याच्या पद्धती शिकवाव्यात, औषधाचा विचार नंतर.

पण शब्द वाटेल तसा फेकला की काय होतं, तेही बघा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वर्गात, जानेवारीत जन्मलेल्या मुलांच्या मानानं डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांवर एडीएचडीचा शिक्का बसण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त होतं, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. डिसेंबरातली मुलं आजारी नव्हती. ती वर्गात सर्वांत लहान होती. महाराष्ट्रातही पहिलीच्या प्रवेशासाठी वय मोजतात ते ३१ डिसेंबरलाच. आणि वर्ष वाया जाऊ नये म्हणून पोराला लवकर घालायची घाई आपल्याकडे किती आहे, ते सांगायला नको.

दुसरा एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेला, पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांवरचा. निम्म्या आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला साखरेचं पेय दिलं आहे. प्रत्यक्षात सगळ्याच मुलांना साखर नसलेलं पेय दिलेलं होतं. ज्या आयांना साखर दिल्याचं सांगितलं होतं, त्यांना आपला मुलगा जास्त वळवळ करतोय असं दिसलं. त्या त्याला जास्त टोकत राहिल्या, त्याच्या जवळ जवळ राहून पहारा देत राहिल्या. पेल्यात काही नव्हतं. जे होतं ते कानात घातलेल्या वाक्यात. आता विचार करा, "तुझं पोर द्वाड आहे, तू ढिली आहेस" हे वाक्य एखाद्या आईच्या कानात चार वर्षं घातलं, तर ती आपल्या मुलाकडे कुठल्या नजरेनं बघू लागेल?

याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त जाळते. माझ्या सासरीच काही जण या पोराचं कौतुकही करतात: "मुलगाच आहे, चालायचंच." मी हेही मान्य करत नाही. दुसऱ्याला ढकलणं मुलगा म्हणून चालायचं नाही. आणि हेच पोर मुलगी असतं तर? मी स्वतः हूड होते. चिंचेच्या शेंड्यापर्यंत जायची, बैलगाडीच्या साटीवर उभी राहून यायची. नऊ वर्षांची झाले आणि एका उन्हाळ्यात ते सगळं थांबलं. "घोडी झालीस, हुंदडतेस काय," असं आजी म्हणाली. वडील काही बोलले नाहीत. त्याच उन्हाळ्यात दारं धरायला जाणंही संपलं. माझं वय ज्या दिवशी लोकांच्या डोळ्यांवर आलं, त्या दिवसापासून माझे पाय घरात राहिले. शहाणी मुलगी म्हणून माझं जे कौतुक पुढे झालं, त्यातलं किती वळण होतं आणि किती बुजवलेलं दार, हे मला आजही सांगता येत नाही. हा पाळण्याखाली शिरतो तेव्हा मला त्याचा राग येतो, आणि त्याच वेळी ओळखही पटते. माझी शांत लेक परवा पहिल्यांदा पेरूच्या झाडावर चढली आणि वरून तिनं मला हाक मारली. मी खाली उभी राहिले. उतर म्हणाले नाही.

आत्या, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. तुमच्याकडे दिवाळी अंकांपासून रद्दीपर्यंत सगळं वाचलं जातं. रागावू नका. पुढच्या कार्याला आम्ही येऊ तेव्हा याला एखादं काम सांगा. पाण्याचे पेले नेऊन द्यायला सांगा, चपला ओळीनं लावायला सांगा, पाळणा बांधायला मदतीला घ्या आणि दोरी कुठे अडकवली ते दाखवा. ते बघूनच त्याचं समाधान होईल.

आणि येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. मी सचिवांकडे लेखी विषय दिला आहे: पार्किंगमधली पाटी काढावी आणि रोज साडेपाच ते साडेसात पूर्वेकडच्या सहा गाड्यांची जागा मुलांसाठी रिकामी ठेवावी. त्या सहांपैकी एक गाडी आमची आहे. ती रस्त्यावर लावायला आम्ही तयार आहोत. खालच्या आजोबांना मी भेटून आले. त्यांची झोप साडेचारला होते. दोन तास तिथे लक्ष ठेवायला कोण बसणार, असं सचिवांनी विचारलं. सोमवार ते बुधवार मी बसेन, असं मी लिहून दिलं आहे. उरलेल्या दिवसांसाठी माणसं हवी आहेत.